एकच शर्ट

"अहो, आजच काय धाड भरलीय हिला?" आईने पुन्हा बटण दाबलं. वॉशिंग मशीन नुसतीच पीप-पीप करत राहिली. आत पाणी येईना आणि लॉक झालेलं दारही उघडेना. काचेमागे मुलाचा एकच शर्ट पडला होता.

बाबा गुडघे टेकून मशीनमागे हात घालून चाचपडत होते. घरातला पंखा, मिक्सर, इस्त्री आजवर त्यांनीच दुरुस्त केली होती.

"होणार आहे की नाही?" मुलगा खेकसला. "मला परत हॉस्पिटलात जायचंय."

"अंगात दुसरा शर्ट आहे की तुझ्या. जा ना," बाबा मशीनमागूनच म्हणाले.

"दार फोडा हवं तर," आई रडकुंडीला आली. "मी हाताने धुते. वाळलं की रक्ताचे डाग जाता जात नाहीत."

"सुनबाई जिन्यावरून पडली ना? हा म्हणतो, मीच उचललं तिला. मग लागणारच डाग. धुवायची एवढी घाई कशाला?" बाबांनी विचारलं.

आईने परत बटण दाबलं. मशीन तेवढी पीप-पीप करत होती.

"माझ्या हातात नाही आता हे," बाबा शेवटी म्हणाले. "फोन केलाय मी. येतीलच माणसं."

बेल वाजली तशी आई धावतच गेली आणि दार उघडून तिथेच थिजली. बाहेर दोन पोलीस उभे होते.

"या साहेब," बाबा भिंतीला धरून उठले. "मशीन इकडे आहे. तिचा नळ मीच बंद केलाय. शर्टाला पाण्याचा थेंबही लागू दिलेला नाही."