बिनरेघांची जागा

भर सोप्यात सून पालथी पडून रेघा ओढते, ही कुठल्या घरची रीत, असं चन्नम्मा सकाळपासून भिंतीला ऐकवत होती. भाकरी गार झाली, म्हैस ओरडून थकली, येणारा-जाणारा पायरीवरून डोकावून गेला. अयोध्येची मान काही वर होईना.

अयोध्या नळदुर्गाची, नकाशे काढायचं शिकून आलेली. म्हणून पाणी सोसायटीनं शिवाराचा नकाशा तिच्याकडं सोपवला होता. ज्या रानाला पाणी मिळणार ते तिरक्या रेघांनी भरायचं, बाकीचं कोरं ठेवायचं. वर मालकाचं नाव. आज तो सोसायटीच्या भिंतीवर लागणार होता.

बोलून बोलून चन्नम्मा अखेर वाकली. ओढ्याच्या वळणावरून तिनं आपलं रान ओळखलं. रेघा दाट, एकसारख्या. पण मधोमध बोटभर जागा पांढरीच.

"सगळ्यांचं भिजवलंस अन् आमचंच मधी कोरडं ठेवलंस व्हय गं?"

कोरडं नाही, ती नावाची जागा आहे, नावावरून रेघ जाऊ नये म्हणून आधीच सोडलीय, असं अयोध्येनं रेघा आखायचा त्रिकोणी गुण्या सरकवत सांगितलं.

मग चन्नम्माला वाटलं, कळलं सगळं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय. तोंडानं घेऊ नकोस, हातानं लिहायला कुणी धरलंय, म्हणून तिनं टोमणा मारला. सोसायटीचे चेअरमन महांतप्पा यांनी तिच्या लेकाचं, नागप्पाचंच नाव घालायला सांगितलं होतं ना?

अयोध्या उठून बसली. पेन सासूपुढं धरलं.

"मालकाचं लिहायचंय, आत्याबाई. सातबारा तुमच्या नावावर हाय."

चन्नम्मानं नकाशा पुन्हा पाहिला. महालिंगप्पा, आबाराव, व्यंकट. सगळे पागोट्याचे. दुष्काळात भावकी 'विकून टाक' म्हणून दारात बसली, तेव्हा तिनं हेच रान दातओठ खाऊन राखलं होतं.

तिनं पदराला हात पुसला. बसून लिहून बघितलं, हात पोचेना. मग काष्टा आवरला आणि तीही सोप्यात पालथी पडली.

तेवढ्यात नकाशा न्यायला महांतप्पा पायरीवर आले. सासू-सुना जमिनीवर आडव्या बघून त्यांचं पाऊल तिथंच थांबलं. नागप्पाचं नाव ठरलं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले.

"थांबा जरा. शाई वली हाय," चन्नम्मा मान वर न करता म्हणाली.

'च' झाला. 'न्न' झाला. 'म्मा' पांढऱ्या जागेत मावेना, तो रेघांत घुसला. अयोध्येनं खोडायला ब्लेड उचललं. चन्नम्मानं तिचं मनगट धरलं, लांबून नाव वाचता येतं का ते महांतप्पांना वाचून दाखवायला लावलं आणि मग सुनेकडं वळली.

"पालथं पडल्याबिगर अक्षर नीट येत न्हाय गं. तुजी रीत बराबर हाय."