उत्तररंगाला परवानगी

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये हरीश सकाळपासून लिनक्सशी झगडत होता. सासरे गुलाबरावबुवांचं आज वर्षश्राद्ध. पाच वाजता मंडळी त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग ऐकायला येणार होती. साताऱ्याच्या त्या कीर्तनाला त्यांची लेक सुनेत्रा जाऊ शकली नव्हती.

कीर्तनाच्या पहिल्या भागाची, पूर्वरंगाची फाइल विनातक्रार वाजली. उत्तररंगाची मात्र पासवर्ड मागायची आणि दिला की म्हणायची, 'परमिशन डिनाइड'.

"अरे यार, मशीन माझं, पासवर्ड माझा, मग मालक कोण?"

त्यानं फाइलची मालकी तपासली. तिथं नाव होतं गुलाबराव. असं खातं त्यानं कधी उघडलंच नव्हतं. सगळे अधिकार हाती घेऊन त्यानं ते नाव तीनदा बदललं. तीनदा तेच परत आलं.

"अहो, पूर्वरंगानंतर हार-बुक्का झाल्याशिवाय बुवा उत्तररंग सुरू करत नसत. तो केलात का?" सुनेत्रानं विचारलं.

"कॉम्प्युटरला?" हरीश खेकसला.

तिनं मॉनिटरला हार घातला आणि काचेवर बुक्क्याचं बोट टेकवलं.

फाइल आपोआप सुरू झाली. टाळ वाजले. बुवा खाकरले.

"सुनू, जरा हळू गं," ते म्हणाले, "बुक्का डोळ्यांत गेला."