वॉल्टरचा ड्रम

शिकागोतल्या पोलिश लोकांच्या लग्नांत वॉल्टरने आयुष्यभर अ‍ॅल्युमिनियमचा एकच ड्रम वाजवला. तो गेला, आणि त्याच्या धाकट्या भावाने, चेस्टरने, तो ड्रम गुपचूप उचलून जागेवर नवा ठेवला. जुना बनवणाऱ्याच कारखान्याने अगदी तसाच पुन्हा काढलेला, आरशासारखा चकचकीत.

"मी आंधळी वाटले का रे तुला?" वॉल्टरची बायको बर्नीस कडाडली. "कडेवर काठ्यांनी पडलेले खड्डे कुठे गेले?"

"वहिनी, धातू तोच, बांधणी तीच, आवाजही तसाच कोरडा नि कडक. जुन्यासाठी शौकीन लोक वेडे झालेत. गाडीत ठेवलाय, आज गिऱ्हाईक येतंय."

"सख्ख्या भावाचा ड्रम विकायला निघालास? लाज नाही वाटत? वाजव हा नवा. ऐकू दे तुझा तसाच आवाज!"

चेस्टरने चिडून काठी हाणली. काठी उसळली, ड्रमचा पडदा थरथरला, पण आवाज झाला नाही. आवाज झाला तो बाहेर उभ्या गाडीच्या बंद डिकीत.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा डिकीतच कडाड्‌ झालं.

त्याने काठ्या फेकून दिल्या. डिकीतला ताल थांबला नाही. उलट चढत गेला.

"तो संतापला की असाच वाजवायचा," बर्नीस म्हणाली. "जा, उघड डिकी."

चेस्टर दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. आवाज आता डिकीतून येत नव्हता. दाराबाहेरच्या पायऱ्यांवरून येत होता, एकेक पायरी चढत.