दोन मजल्यांवरचे आवाज

“आजोबा, जोरात खोका. छातीतला कफ सुटू दे,” सिस्टर माझ्या सासऱ्यांची पाठ थोपटत म्हणाल्या. घरी मी नेमकं उलटं सांगायचे, “बाबा, हळू खोका, बाळ उठतं.” आणि बाळ रडलं की तेही कुरकुरायचे, “अगं, घे ना त्याला! डोळा लागू देत नाही कार्टं.”

आता दोघांनाही न्यूमोनिया झाला होता. बाबा खालच्या मजल्यावर, आठ महिन्यांचं बाळ वर मुलांच्या वॉर्डात. बाबांना खोकायचं बळ नव्हतं, बाळाला रडायचं. जिन्याने वर-खाली करताना दोन्हीकडची शांतता मला खायला उठायची.

संध्याकाळी वरून नवऱ्याचा फोन आला. तो बोलायच्या आतच बाळाने पसरलेलं भोकाड ऐकू आलं. मी फोन स्पीकरवर टाकून बाबांपुढे धरला. ते हसायला गेले, ठसका लागला आणि पाठोपाठ खणखणीत खोकला सुटला. फोनसकट माझे हात आपोआप जोडले गेले.

“थांब, याला गप्प करतो, मग बोलतो,” नवरा म्हणाला.

“नको रे,” बाबा धापा टाकत म्हणाले, “चांगलं रडतंय. रडू दे.”