गरजेचा रकाना

कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करून आजीची बोटं झिजली, पण मालकाने तिची पेन्शन दाबून ठेवली. चर्चच्या सिस्टरनी तिच्यासाठी चार वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले. तोवर दर गुरुवारी त्या धान्याची पिशवी घेऊन यायच्या, कडी वाजवायच्या, घडीभर टेकायच्या आणि आजीचं गुडघेपुराण निमूट ऐकायच्या.

अखेर पेन्शन सुरू झाली. सिस्टरनी मदतीच्या यादीतलं आजीचं नाव मोठ्या अभिमानाने खोडलं. "आजी, आता हक्काचं मिळालं. कुणापुढे हात पसरायला नको."

तीन गुरुवार आजी कडीकडे कान लावून बसली. चौथ्या गुरुवारी काठी टेकत चर्चच्या ऑफिसात पोचली.

"सिस्टर, माझं नाव परत घाला यादीत."

सिस्टर चपापल्या. "का हो? पेन्शन थांबली?"

"छे! अगदी वेळेवर येते मेली."

"मग धान्य? औषधं?"

"सगळं भरलंय घरात."

सिस्टरनी फॉर्म पुढे ओढला. 'गरज' या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. "मग इथे काय लिहू, आजी?"

आजी काठीची मूठ चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुवार लिहा ना."