पहिल्या वेचणीचा कापूस

"माणिकबाई, तुम्ही आज प्याल्याला ओठ लावायचा नाही," उपदेशक केशवराव म्हणाले, आणि तेही अशा आवाजात की अगदी मागे बसलेल्यालाही ऐकू जावं.

प्रभुभोजनासाठी गुडघे टेकायला माणिकबाई निम्मी वाकली होती. ती तशीच सरळ झाली. अमरावतीच्या कापूसपेठेमागं ख्रिस्ती मंडळीचं बुटकं कौलारू देऊळ होतं आणि तिथं आज पहिल्या फळांचा रविवार होता. पुढच्या रविवारी प्रभूच्या आगमनाचा, नाताळाआधीचा काळ लागणार होता. त्याआधी ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं देवापुढं आणायचं, असा पाद्रीसाहेबांचा नेम. पाच घरांचा कापूस वेदीपुढं चादरीवर ओतला होता, कमरेएवढा ढीग. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस थांबल्यापासून इकडं कापसाला सोन्याची कळा आली होती. उद्या हा ढीग पेठेत जाणार आणि त्यातून देवळाला घंटा येणार, हे मंडळीत सगळ्यांना पाठ होतं.

पाद्रीसाहेब प्याला हातात धरून थांबले. माणूस तसा वाईट नव्हता. पण नियम डोळ्यांपुढं आला की समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं त्यांना.

"केशवराव सांगतात, तुम्ही शेतात सीतादही केले. हे खरे आहे काय?"

"खरं हाये," माणिकबाई म्हणाली.

खोटं कशाला बोलायचं? कापसाची पहिली वेचणी आणि वावरात सीतादहीचा दहीभात नाही, असं वऱ्हाडात कोणत्या बाईनं केलंय? चार झाडांवर कापसाच्या लडी पसरायच्या, दही शिंपडून वावराला आधी घास द्यायचा, मग ओटीत कापूस भरायचा. तिला सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. केशवरावांनी हे शेजारच्या बांधावरून पाहिलं होतं. दुसऱ्याच्या वावरात त्यांची नजर मोठी तेज.

"पन सायेब, म्या सीतेचं नाव नाई घेतलं. कुकू नाई लावलं. दही शिपडताना 'प्रभू येशू, तुयं तुले' असंच म्हनलं. तुमीच तं वाचून दाखवलं होतं, पह्यलं फळ त्याचं हाये म्हनून!"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला.

"हे तर अधिकच वाईट," ते म्हणाले. "त्या विधीत तुम्ही प्रभूचे पवित्र नाव मिसळले. हे पाप होते, इतके मंडळीसमोर म्हणा. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, चार-पाच महिने, प्याल्यावाचून राहा. मग सारे पूर्वीसारखे होईल."

"आन् नाई म्हनलं तं?"

"तर मंडळीच्या यादीतून नाव कमी," केशवराव मध्येच म्हणाले. "आणि कबरस्तानातली जागाही."

देवळाच्या मागं माणिकबाईचा नवरा जानराव पुरलेला होता आणि त्याच्या शेजारी एका माणसापुरती जागा तिच्यासाठी राखलेली होती. दर रविवारी उपासना सुटली की ती दोन्ही जागांवरचं तण उपटायची, मगच घरी जायची. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशीच भावकीनं दोघांनाही मेल्यात जमा केलं होतं. उद्या ती खरोखर मेली तरी तिकडून कोणी खांदा द्यायला येणार नव्हतं. त्या एवढ्याशा जागेखेरीज तिला जायला माती नव्हती.

चार शब्द तर म्हणायचे होते. तिनं तोंड उघडलंसुद्धा. साहेब आशेनं पुढं झुकले.

"सायेब," ती म्हणाली, "प्रभूचं नाव घेतलं थे पाप होतं, असं मी कोन्या तोंडानं म्हनू?"

साहेबांनी प्याला रुमालानं झाकला. केशवरावांनी दाराकडं हात केला.

दोन पावलं गेली आणि माणिकबाई वळली. अपमानानं तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खणखणीत होता.

"मले काढता, तं मंग माया कापूसबी काढा. त्याच वावरातला हाये थो. त्याच्यावरबी थेच दही पडलं हाये."

सगळ्यांचे डोळे ढिगाकडं वळले. पाच घरांचा कापूस एकात एक मिसळलेला. त्यात माणिकबाईचा कोणता, हे देवालाच ठाऊक. काढायचा तर सगळाच बाहेर काढावा लागणार होता. साहेब केशवरावांकडं पाहू लागले, केशवराव ढिगाकडं.

"कापसाला काय कळतं?" केशवराव अखेर म्हणाले. "निर्जीव वस्तू ती. तिला दोष कसा लागेल?"

साहेबांनी हलकेच मान डोलावली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

माणिकबाई बाहेर आली. आत उपकारस्तुतीचं गीत सुरू झालं. तिलाही ते तोंडपाठ होतं. ओठ आपोआप हलायला लागले, तेव्हा तिनं ते दातांखाली धरले. देवळाला वळसा घालून ती मागं गेली आणि जानरावापाशी बसली. त्याच्यावरचं तण तिनं मुळासकट उपटलं, ढेकळं फोडली, माती तळहातानं सारखी केली.

शेजारच्या जागेवरचं तण तिनं तसंच राहू दिलं.