कप्तानाचा समुद्र

टर्पेंटाइनचा बोळा फिरवून कप्तानानं सकाळपासून काढलेला समुद्र पुसून टाकला. फळीवर नुसता निळा राडा उरला. पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते आणि संध्याकाळी मुलगी चित्र न्यायला येणार होती.

“पुन्हा पुसलात?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे या घरात साधं बोलणंही भांडणासारखं वाटे. “चांगला होता की!”

“कॅलेंडरवरचा होता,” तो म्हणाला.

चित्रं काढायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर रिकामा वेळ खायला उठला, म्हणून भिंतीचे उरलेसुरले रंग आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन तो बसला. कोंबड्या जमल्या, शेजाऱ्याची सायकल जमली. जमेना तो समुद्रच. जन्म जहाजावर गेलेल्या माणसाला समुद्र येईना, याचं गल्लीला भारी नवल. न्हावी तर दर खेपेला चेष्टा करायचा, “कप्तान, समुद्रावर राहून एवढे गोरे कसे हो? कुणी छत्री धरायचं का?” तो हसून मान हलवायचा. कप्तान हे नावही गल्लीनंच ठेवलेलं. खरा कप्तान त्यानं लांबूनच पाहिला होता.

नव्या घरासाठी मुलीनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. “तुम्ही जन्मभर जे बघत राहिलात ना बाबा, ते मला भिंतीवर हवंय. ज्याच्यापायी माझ्या एकाही वाढदिवसाला तुम्ही नव्हतात, ते मलाही बघू द्या एकदा.” ती हसत बोलली, पण त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तो लाटा काढत होता आणि पुसत होता. खोटं काढून लेकीच्या घरी पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दमून तो दाराच्या चौकटीला टेकला. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. लेकीला तिथं उभं करून तिच्या आईनं दर वर्षी उंचीची खूण केलेली. घर रंगवलं तेव्हा एवढी चौकट त्यानं रंगवू दिली नव्हती. त्या रेघा त्यानं खालपासून वरपर्यंत एकेक करून पाहिल्या. मग निळ्याच्या डब्याला झाकण लावून त्यानं काळा, तपकिरी आणि पांढरा जवळ ओढला. या खेपेला हात कुठं अडला नाही.

मुलगी आली आणि पर्सही खाली न ठेवता चित्रापुढे उभी राहिली. फळीभर लोखंडी भिंत होती. गंजलेली, घामेजलेली, वर एक मळका दिवा. मधोमध खडूच्या आडव्या रेघा, एकावर एक.

“बाबा, समुद्र कुठाय?”

“या पत्र्याच्या पलीकडे. इंजिन पार तळाशी असतं गं. पाळी संपली की जिने चढून वर जायचं त्राणच नसायचं. पडलो की झोप.”

इतकी वर्षं ज्या निळ्या पाण्यावर ती रुसून बसली होती, ते बापाच्या वाट्यालाही आलं नव्हतं.

“मग जन्मभर बघत काय होतात?”

कप्तानानं रंगानं माखलेलं बोट सर्वांत खालच्या रेघेवर टेकवलं.

“आई पत्रातून कळवायची. जहाज बदललं की नव्या भिंतीवर सगळ्या पुन्हा काढायचो. ही बघ, ही तू धरून उभी राहायला लागलीस तेव्हाची.”